लठ्ठ मुलं म्हणजे श्रीमंतांचे लाड? जरा थांबा

नाशिकच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग शाळेच्या पालकग्रुपवर, आता नातेवाइकांच्या. त्याचं सार असं: मुलांचा लठ्ठपणा हा श्रीमंतांचा रोग. शहरातल्या सधन कॉलेज रोडला पोरं फुगलेली दिसतील, पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी भागात काटक. गरिबाचं पोर भाकरी-ठेचा खातं, उन्हात हुंदडतं, म्हणून ठणठणीत असतं. दोष सगळा आईबापांच्या लाडाचा आणि आळसाचा. खाली हात जोडलेले आणि 'पटलं तर पुढे पाठवा'.

पटलं नाही, म्हणून लिहितेय.

'श्रीमंतांचा रोग' हे अर्धं खरं आहे. आपल्याकडे सधन घरांतल्या मुलांत जास्त वजनाचं प्रमाण आजही जास्तच दिसतं. पण किती? मेसेजमधली शहर-खेड्याची तुलनाच घ्या. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या मुलांत ते शहरांत 4.2 टक्के होतं आणि खेड्यांत 3.2. फरक एका टक्क्याचा. महाराष्ट्राचा आकडा 2015-16 मध्ये 1.9 होता, तो या पाहणीत 4.1 झाला. मधल्या चार-पाच वर्षांत राज्यातली श्रीमंत घरं दुपटीने वाढली का? आणि पैसा वाढला की मुलं जाड होतात हाच नियम असेल, तर इंग्लंडचं काय करायचं? तिथे शाळेतल्या मुलांची वजनं दरवर्षी सरकारी मोजणीत घेतली जातात आणि सर्वांत गरीब वस्त्यांमध्ये लठ्ठ मुलांचं प्रमाण सर्वांत सुखवस्तू वस्त्यांच्या दुपटीहून जास्त निघतं. म्हणजे नुसता पैसा किती हे पाहून काही कळत नाही. त्या गावात त्या पैशात काय सहज मिळतं, हे बघावं लागतं.

आता 'काटक'. हा शब्द बहुतेक पोट भरलेली माणसंच वापरतात. त्याच पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि 36.1 टक्के कमी वजनाची निघाली. याला काटकपणा म्हणायचं असेल तर कुपोषण कशाला म्हणणार?

शिवाय बारीक म्हणजे चरबी नाही, हेही खरं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं इंग्लंडमधल्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं सरासरी 2.7 किलोंची, तिकडची 3.5 किलोंची. वजन एवढं कमी, स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने शाबूत. अशा मुलाचं वजन पुढे झपाट्याने वाढलं तर मधुमेहाचा धोका वाढतो. पेठ-सुरगाण्याहून कामासाठी नाशकात आलेल्या घरातलं पोर नेमकं या वाटेवर असू शकतं: जन्मतः हडकुळं, वाढलं पाकिटातल्या खाऊवर.

भाकरी-ठेच्याचं कौतुकही जेवायला बाहेर गेल्यावरच सुचतं. रेशनवर माणशी 5 किलो धान्य मोफत मिळतं, ते मुख्यतः गहू-तांदूळ. डाळ, भाजी, दूध, अंडी ज्याच्या त्याच्या खिशातून. खिसा हलका झाला की ताटातून आधी हेच जातं.

राहिला लाड आणि आळस. मला सगळ्यात जास्त राग याचाच आला. माझ्या ओळखीतली एक बाई नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते. पहिली पाळी, सकाळी सातची. पोरगा दुसरीत. शाळा दुपारी सुटते, किल्ली शेजारच्या काकूंकडे, दहाची नोट कंपासपेटीत. कोपऱ्यावरच्या दुकानात पाच-पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा त्याच्या डोक्याच्या उंचीवर लोंबतात. दहा रुपयांत केळं येतं की, असं कुणी म्हणेल. येतं. तिने फळं आणून पाहिली होती. पपई आणली, त्याने हातही लावला नाही, दुसऱ्या दिवशी टाकून दिली. मुलांना नवी चव पटायला तोच पदार्थ दहा-दहा वेळा पुढे ठेवावा लागतो. माझ्या घरी नऊ वेळा वाया गेलेलं खपतं, तिच्या घरी नाही. पाकीट वाया जात नाही, नासत नाही आणि पोरगा ते खाणार याची खात्री असते. याला आळस म्हणणाऱ्याने एक महिना तिचा पगार घेऊन घर चालवावं.

शिवाय पाकिटाचा भाव आईच्या लाडावर ठरत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून बिस्किटांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला, फरसाण-नमकीनचा 12 वरून 5 वर. गोड शीतपेयं मात्र 40 टक्क्यांवरच ठेवली. म्हणजे कर लावताना सरकारलाही यातलं काही कळतं, फक्त सोयीपुरतं.

लाड आहेतच, नाही कुठे? गुटगुटीत बाळाचं कौतुक आपल्याकडे बंगल्यातही होतं आणि चाळीतही. गालावर बाळसं दिसलं की आजी दृष्ट काढते, तिथे पगार विचारत नाहीत.

आणि 'उन्हात हुंदडतं' म्हणे. कुठे? अंबडला लागून असलेल्या सिडकोतल्या कितीतरी गल्ल्यांत दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, मधून रिक्षा जेमतेम जाते. कॉलेज रोडच्या मुलाला पोहण्याचा क्लास लागतो, सोडायला-आणायला गाडी असते. मोठं मैदान म्हणावं तर गोल्फ क्लबचं, तिथे अंबडहून दुसरीतल्या मुलाला नेणार कोण? आई पाळीवरून येते ती स्वयंपाकालाच लागते. तोवर पोरगा कडी लावून घरात मोबाइल बघत बसतो, कारण कडी लावून बस असं तिनेच बजावलेलं असतं.