‘डॉक्टरांची कोडभाषा ओळखा’ : एका व्हायरल संदेशाचा प्रतिवाद

गेले काही आठवडे सोलापुरातील अनेक व्हॉट्सॲप गटांवर ‘डॉक्टरांची कोडभाषा ओळखा’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश फिरतो आहे. सोसायट्यांच्या गटांपासून यंत्रमाग कामगारांच्या गटांपर्यंत तो पोहोचला आहे, आणि दवाखान्यात मोबाइल पुढे करून तो वाचायला लावणारे नातेवाईकही आता भेटू लागले आहेत. त्याचा आशय थोडक्यात असा : शरीराच्या भागांची लॅटिन-इंग्रजी नावे रुग्णाला काही कळू नये म्हणूनच तयार केलेली असून साधे शब्दच पुरेसे असतात, सुश्रुताने 300 हाडे सांगितली असताना परदेशी पुस्तकांनी ती 206 केली, म्हणजे 94 हाडे लपवली, पुस्तकात शरीर ज्या अवस्थेत दाखवतात तसे कोणी उभे राहतच नाही, रिपोर्टमध्ये डावे-उजवे मुद्दाम उलटे लिहितात, म्हणून ते उलटे करून वाचावे, आणि हृदय डावीकडे असल्यामुळे छातीची डावी बाजू दुखली तरच काळजी करावी. शरीररचनाशास्त्र शिकवणारा शिक्षक म्हणून या पाचही दाव्यांना उत्तर देणे मला आवश्यक वाटते. त्यांतले पहिले तीन दिशाभूल करणारे आहेत आणि शेवटचे दोन जिवावर बेतू शकतात.

पहिल्या दाव्यामागे एक खरी तक्रार आहे आणि ती मी नाकारत नाही. केसपेपरवर दोन ओळी खरडून, रुग्णाला काहीही न समजावता पुढच्याला आत बोलावण्याची सवय पुष्कळ ठिकाणी आहे, आणि ती वाईटच आहे. परंतु हा दोष न समजावण्याचा आहे. त्यासाठी नावांना जबाबदार धरता येत नाही. नावांचा इतिहास तर संदेशात सांगितल्याच्या नेमका उलट आहे. एकोणिसाव्या शतकात एकाच स्नायूला किंवा रक्तवाहिनीला जर्मनीत एक, फ्रान्समध्ये दुसरे आणि इंग्लंडमध्ये तिसरे नाव असे, आणि अशी सुमारे 50,000 नावे वापरात होती, जरी प्रत्यक्षात वर्णन करायच्या गोष्टी त्याच्या एक दशांशाच्या आसपासच होत्या. हा गोंधळ निस्तरण्यासाठी 1895 मध्ये बाझल येथे शरीररचनाशास्त्रज्ञांनी एका रचनेला एक नाव अशी यादी मान्य केली. 1955 मध्ये पॅरिस येथे मान्य झालेल्या यादीतून शास्त्रज्ञांच्या आडनावांवरून पडलेली नावे गाळण्यात आली. पुढे 1998 मध्ये आणि त्यानंतर 2019 मध्ये सुधारित याद्या प्रसिद्ध झाल्या. या सर्व याद्या उघडपणे छापलेल्या आहेत. रुग्णापासून काही लपवणे हा ज्यांचा हेतू आहे, ते आपल्या ‘कोडभाषे’ची यादी जगासमोर ठेवणार नाहीत.

आता साधे शब्द पुरेसे असतात का, हे पाहू. आपल्या बोलण्यातला ‘शीर’ हा शब्द घ्यावा. सलाईन लावताना ‘शीर सापडत नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा ती हृदयाकडे रक्त परत नेणारी रक्तवाहिनी असते. ‘कमरेत शीर दबली’ म्हणतो, तेव्हा तो मज्जातंतू असतो. मनगटाची शीर सुजली म्हणतो, तेव्हा बहुधा स्नायूला हाडाशी जोडणारा स्नायुरज्जू असतो. मागावर तासन्‌तास उभे राहणाऱ्या कामगाराच्या पोटरीवर निळसर, वेड्यावाकड्या शिरा फुगतात. दिवसभर मान वाकवून विड्या वळणाऱ्या बाईची ‘मानेतली शीर आखडते’. दोघेही एकच शब्द वापरतात, पण एकाचा विकार रक्तवाहिनीचा आहे आणि दुसरीचा स्नायूंचा किंवा मज्जातंतूचा, आणि दोघांचे उपचार सर्वस्वी वेगळे आहेत. ‘पाय’ या शब्दाचेही तसेच आहे, कारण आपला पाय मांडीच्या मुळापासून बोटांच्या टोकापर्यंत कुठेही दुखू शकतो. ‘काळीज’ धडधडते तेव्हा ते हृदय असते, आणि मटणाच्या दुकानात काळीज मागितले तर यकृत मिळते. घरात बोलताना या सैलपणाने काही बिघडत नाही. शस्त्रक्रियेच्या कागदावर मात्र तो चालणार नाही.

सोलापूरकराने तरी हा दावा पुढे पाठवताना दोन मिनिटे थांबायला हवे होते. आपल्या सिव्हिल हॉस्पिटलच्या एका रांगेत मराठीत ‘कंबर’, तेलुगूत ‘नडुमु’, कन्नडमध्ये ‘सोंटा’ आणि उर्दूत ‘कमर’ दुखत असल्याचे सांगणारे चार रुग्ण एकामागे एक उभे असतात, आणि चौघांचे हात पाठीच्या वेगवेगळ्या उंचीवर ठेवलेले असतात. त्यातल्या एखाद्याच्या केसपेपरवर ‘एल-४, एल-५’ असे लिहिले, की कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी हे ठिकाण निश्चित होते; मग ती चिठ्ठी घेऊन तो पुण्याला जावो, विजयपूरला जावो की हैदराबादला, तिथल्या डॉक्टरला मराठी येत नसले तरी बोट बरोबर जागेवर पडते. परिभाषेचे काम एवढेच आहे. मराठीतही ती उपलब्ध आहे : यकृत, प्लीहा, स्वादुपिंड, मूत्रपिंड, धमनी, उरोस्थी हे शब्द आपल्या शाळेच्या पुस्तकांत आहेत आणि ते डॉक्टरांनी रुग्णाशी बोलताना वापरले पाहिजेत, असा आग्रह मी धरतो.

हाडांच्या संख्येचा दावा अभिमानाच्या भाषेत मांडलेला असल्यामुळे तो अधिक वेगाने पसरतो, म्हणून त्याकडे नीट पाहायला हवे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, म्हणजे शरीराच्या वर्णनाच्या भागात, शल्यतंत्राच्या (शस्त्रक्रियेच्या शास्त्राच्या) मते 300 हाडे सांगितली आहेत, हे खरे आहे. परंतु त्याच ठिकाणी असेही म्हटले आहे की वेदवादी 360 हाडे मानतात, आणि चरकसंहितेतला आकडाही 360 आहे. म्हणजे ‘लपवण्याचा’ आरोप करायचाच असेल, तर तो प्रथम सुश्रुतावर करावा लागेल, कारण त्याने 60 हाडे कमी मोजली! वस्तुस्थिती अशी की, हाड कशाला म्हणायचे याचा प्रत्येकाचा नियम वेगळा होता. चरकाच्या मोजणीत 32 दात, दातांच्या 32 खोबणी आणि 20 नखे आहेत. ही झाली 84. बरगड्या 24, त्यांच्या खोबणी 24 आणि उंचवटे 24 असे धरून तिथे 72 होतात. सुश्रुताने नखे सोडली, पण दात ठेवले आणि नाक-कानांतल्या कूर्चेलाही (लवचिक, मऊ हाडालाही) ‘तरुण’ या नावाने हाडांमध्येच गणले. त्याचा हिशेब स्पष्ट आहे : हातापायांत 120, धडात 117 आणि मानेपासून वर 63. आजच्या मोजणीत दात, नखे आणि कूर्चा हाडे मानली जात नाहीत, आणि एकमेकांत जुळून गेलेली हाडे एकच धरली जातात. त्यामुळे प्रौढ माणसात सामान्यतः 206 हाडे भरतात, त्यातली 80 मधल्या अक्षाची, म्हणजे डोके, कणा आणि छातीची, आणि 126 हातापायांची व त्यांना धडाशी जोडणाऱ्या भागांची.

हा आकडाही सर्वांना आणि सर्व वयांत लागू होत नाही. नवजात बाळात 270 ते 300 च्या दरम्यान वेगवेगळे अस्थिभाग असतात. पुढे माकडहाडाच्या वरचे पाच मणके जुळून एक त्रिकास्थी होते, नितंबाची तीन हाडे जुळून एक होते. काही माणसांत मानेपाशी एखादी जादा बरगडी आढळते. सुश्रुताचे मोठेपण 300 या आकड्यात नाही. मृतदेह गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावा आणि मग त्वचेपासून एकेक थर हळूहळू खरवडत डोळ्यांनी पाहावे, असे त्याने सांगितले, यात ते आहे. ज्याने स्वतः पाहून मोजण्याचा आग्रह धरला, त्याच्या नावाने न पाहता आकडे पुढे पाठवणे हा त्याचा सन्मान नव्हे.

तिसऱ्या दाव्याला थोडक्यात उत्तर देता येते. ताठ उभे, नजर समोर, हात बाजूला आणि तळवे पुढे, ही वर्णनाची ठरवलेली अवस्था आहे. तसे वावरा असे कोणी सांगत नाही. तळवे पुढे ठेवण्याचे कारण असे की त्या स्थितीत कोपरापासून मनगटापर्यंतची दोन्ही हाडे समांतर राहतात आणि अंगठा बाहेरच्या बाजूला येतो. तळवा मागे फिरवला की अंगठ्याच्या बाजूचे रेडियस हे हाड दुसऱ्या, म्हणजे अल्ना या हाडावर आडवे येते आणि अंगठा आत जातो. रुग्ण पालथा असो, कुशीवर असो की अपघातात वेडावाकडा पडलेला असो, जखम ‘अंगठ्याच्या बाजूला, मनगटाच्या वर’ आहे हे वर्णन बदलत नाही, ते केवळ या ठरावामुळे.

चौथा दावा, म्हणजे डावे-उजवे उलटे करून वाचण्याचा सल्ला, मला सर्वांत बेजबाबदार वाटतो. वैद्यकीय कागदावर लिहिलेले डावे आणि उजवे नेहमी रुग्णाचे असते, पाहणाऱ्याचे कधीच नसते. आपल्या जिल्ह्यातले शेतकरी उजनीचा डावा कालवा आणि उजवा कालवा म्हणतात, तेव्हा भीमेच्या प्रवाहाच्या दिशेने तोंड करून ते ठरलेले असते. बोलणारा कुठल्या काठावर उभा आहे यावरून कालव्याचे नाव बदलत नाही. संदेश लिहिणाऱ्याचा गोंधळ एक्स-रेच्या फिल्मवरून झालेला दिसतो. ती फिल्म रुग्ण आपल्यासमोर तोंड करून उभा आहे असे मानून पाहतात, म्हणून रुग्णाची उजवी बाजू पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला येते. सीटी स्कॅनमधले आडवे काप उताण्या झोपलेल्या रुग्णाच्या पायांकडून पाहिल्यासारखे मांडलेले असतात, त्यामुळे तिथेही तसेच दिसते. संभ्रम राहू नये म्हणून फिल्मवर ‘आर’ किंवा ‘एल’ हे अक्षर उमटवलेले असते. दातांच्या तक्त्यातही 11 ते 18 हे आकडे रुग्णाच्या वरच्या उजव्या बाजूच्या दातांचे असून तक्त्यावर ते डावीकडे छापलेले असतात. अशा स्थितीत एखाद्याने ‘उजव्या मूत्रपिंडात खडा’ हे वाक्य मनात उलटे केले आणि पुढच्या दवाखान्यात तोंडी ‘डाव्या बाजूला खडा आहे’ असे सांगितले, तर चुकीच्या बाजूची तपासणी होण्याची वाट तो स्वतःच मोकळी करून देतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये पुढे आणलेल्या शस्त्रक्रिया-सुरक्षेच्या यादीत भूल देण्यापूर्वी रुग्णाकडून बाजूची खात्री करून घेणे आणि त्वचेवर खूण करणे समाविष्ट आहे. त्या क्षणी विचारले जाणारे उत्तर रुग्णाला किंवा नातेवाइकाला बिनचूक देता आले पाहिजे. म्हणून रिपोर्ट जसा लिहिला आहे तसाच वाचावा, आणि शंका असेल तर आपल्या शरीराला हात लावून ‘हीच बाजू ना?’ असे विचारावे.

राहिला हृदयाचा दावा. हृदय डाव्या छातीत ठेवलेले नसते. ते दोन फुप्फुसांच्या मध्ये, उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या, मागे असते. त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग मध्यरेषेच्या डावीकडे आणि उरलेला उजवीकडे येतो. त्याचे टोक डावीकडे, पाचव्या आणि सहाव्या बरगड्यांच्या मधल्या जागेत छातीच्या भिंतीजवळ येत असल्यामुळे ठोके तिथे जाणवतात आणि हृदय तिथेच असल्याचा समज होतो. ईसीजी काढताना छातीवरचा पहिला इलेक्ट्रोड उरोस्थीच्या उजव्या कडेला लावतात, हे ज्यांनी ईसीजी काढून घेतला आहे त्यांनी आठवून पाहावे.

याहून महत्त्वाचे असे की हृदयाचे दुखणे हृदयाच्या जागीच जाणवेल याची खात्री नसते. हृदयाकडून येणारे वेदनेचे तंतू मज्जारज्जूच्या ज्या पातळ्यांवर शिरतात, तिथेच छातीच्या आणि हाताच्या आतल्या बाजूच्या त्वचेचेही तंतू येतात, आणि मेंदूला वेदनेचे मूळ ठिकाण नेमके ओळखता येत नाही. त्यामुळे हृदयविकाराच्या झटक्यात छातीच्या मध्यभागी दाब, जबड्यात किंवा खांद्यात कळ, उजव्या हातात दुखणे, बेंबीच्या वर जळजळ, घाम आणि मळमळ, यांपैकी काहीही होऊ शकते. स्त्रियांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये तर छातीत फारसे न दुखताही झटका येतो. ‘डावीकडे दुखत नाही, म्हणजे पित्त असेल’ असे म्हणून सोडा पिऊन झोपणे, हा या संदेशाचा सर्वांत घातक परिणाम आहे, आणि झटक्यात जाणारा प्रत्येक तास हृदयाचा स्नायू कायमचा नष्ट करत असतो. छातीत, जबड्यात किंवा पोटाच्या वरच्या भागात दाबल्यासारखे दुखणे काही मिनिटांत थांबले नाही, विशेषतः सोबत घाम किंवा धाप असेल, तर बाजू कोणती आहे याचा विचार न करता 108 वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि पोहोचताच ईसीजी काढायला सांगावे.