गच्चीवर गिनी फाऊल? बाभई नाक्यावरचा वाद

मंदारला गिनी फाऊल पाळायचे आहेत, आणि तेही बोरिवलीत, चार मजली इमारतीच्या गच्चीवर. शनिवारी रात्री बाभई नाक्याच्या कट्ट्यावर त्याने हे जाहीर केलं आणि मग घरी जाईपर्यंत दुसरा विषय निघालाच नाही.

"सोसायटीला विचारलंस?" नाना म्हणाले. त्यांनी बरीच वर्षं त्यांच्या सोसायटीचं सेक्रेटरीपद सांभाळलंय.

"नाना, कोंबड्याच त्या. जरा ठिपक्यांच्या."

"कोंबडी नव्हे ती," सदा म्हणाला. सदाच्या मामांची खाडीपलीकडे गोराईला वाडी आहे आणि तिथे हे पक्षी आहेत, त्यामुळे या बाबतीत त्याचं आम्ही ऐकतो. "कोंबडी अंडं घातलं की ओरडते आणि गप्प होते. हे पाखरू दिवसभर पहाऱ्यावर असतं. अनोळखी माणूस आला, कुत्रं शिरलं, वर घार फिरली, कुंपणाला प्लास्टिकची पिशवी अडकली, तरी सगळा थवा एकदम कोकलायला लागतो. मामांच्या शेजाऱ्यांना ते चालतं, कारण शेजारी लांब आहेत."

"म्हणजे राखण करतात. चांगलंच आहे की!"

"वाडीत चांगलं. तुझ्या खालच्या मजल्यावर रात्रपाळी करून आलेला माणूस झोपलेला असतो, त्याचं काय?"

नानांनी 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम काढले. रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. "सहाच्या आत उजाडलं आणि तुझे पक्षी सुरू झाले तर लोक आधी माझ्याकडे येतील," असं त्यांचं म्हणणं.

रोहनने तोडगा काढला, "मग एकच आण ना. एकटा कोणासाठी ओरडेल?"

यावर वैशाली खरोखर चिडली. ती जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. "एकटाच जास्त ओरडेल! थव्यातला पक्षी आहे तो. आफ्रिकेच्या गवताळ रानातून आलेली जात ही, एकत्र चरणारी, संध्याकाळी एकत्र झाडावर चढणारी. त्याला एकटं ठेवलंस तर तो दिवसभर आपल्या माणसांना हाका मारत बसेल. याला मी छळच म्हणते." मला तिचं शंभर टक्के पटलं. आवाज हा या पक्ष्याचा दोष नाहीच, तो त्याच्या जगण्याचा मार्ग आहे. जिथे त्या आवाजाला जागा नाही तिथे त्याला आणून मग त्याच्यावरच वैतागायचं, हे मला अन्यायाचं वाटतं.

"पंख कापले की उडणार नाहीत, जाळी लावली की झालं," मंदार अजून गच्चीवरच होता.

सदा म्हणाला, "एका पंखाची पिसं छाटतात, पण पिसं झडली की नवी येतात. आणि जाळी म्हणजे वरूनही. कोंबडीपेक्षा कितीतरी चांगलं उडतात ते. शिवाय दिवसभर चालत किडे, वाळवी, गोचिड्या, गवताचं बी वेचत फिरणं हा त्यांचा धंदा. तुझ्या गच्चीवरच्या कोब्यात काय वेचणार?"

मंदार थोडा नरमला, पण त्याला पिल्लांचं वेड लागलं होतं. आणि खरी अडचण तिथेच आहे, असं वैशालीचं मत. मोठा पक्षी काटक. ऊन त्याला बाधत नाही, आजारही कमी. पिल्लू मात्र फार नाजूक. अंडी 26 ते 28 दिवसांनी फुटतात, म्हणजे कोंबडीपेक्षा आठवडाभर उशिरा. पहिल्या आठवड्यात पिल्लांना 35 अंशांच्या आसपास ऊब लागते, ती मग हळूहळू कमी करायची. खाद्यात 24 ते 26 टक्के प्रथिनं हवीत; कोंबडीच्या पिल्लांचं साधं खाद्य त्यांना कमी पडतं. खाली वर्तमानपत्र पसरायचं नाही, त्यावर पाय घसरून फाकतात आणि तसेच राहतात. पाण्याच्या ताटलीत खडे टाकायचे, नाहीतर पिल्लं त्यात बुडतात. सगळ्यात वाईट म्हणजे ओल.

"जुलैत आपल्याकडे भिंतीही घाम गाळतात," ती म्हणाली. "ओल्या भुशावर, ओल्या गवतात ही पिल्लं टिकत नाहीत. आईचाही भरवसा नाही. ती दवातून तरातरा चालत पुढे जाते, पिल्लं मागे भिजून गारठतात."

"म्हणून मामा उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवतात," सदा म्हणाला. "कोंबडी जिवापाड सांभाळते." पण अंडी सापडायला तर हवीत! हंगाम साधारण मार्च ते सप्टेंबर, आणि माद्या झुडपात लपवून एकाच ठिकाणी घालतात. दुपारी मादी थव्यातून गुपचूप बाजूला होते, तिच्या मागावर राहावं लागतं.

रोहनने विचारलं, नर कुठला नि मादी कुठली हे कसं कळतं? यावर सदा आणि वैशालीची थोडी जुंपली. तो म्हणे डोक्यावरचा उंचवटा आणि गालाखालच्या लोळ्या बघायच्या, नराच्या मोठ्या असतात. ती म्हणे कान द्यायचा: दोन तुकड्यांची, दुसऱ्या तुकड्यावर चढणारी हाक फक्त मादीची. माझ्या मते कान जास्त भरवशाचा, कारण लहान वयात लोळ्या फसवतात.

शेवटी नानांनीच विचारलं, "मंदार, पक्षी तुला हवेत की ते तुझ्या गच्चीवरच हवेत?"

मंदारने जरा वेळ घेतला. "पक्षी हवेत."

"मग सदाच्या मामांना विचार. बोटीने जाऊन येत जा."

सदा लगेच तयार झाला, पण त्याने अटी घातल्या. आधी बंद खुराडं, बारीक जाळीचं, कारण घुशी रात्री येतात आणि मुंगूस दिवसा. नवे पक्षी निदान सहा आठवडे आतच ठेवायचे, नाहीतर सोडल्या दिवशी निघून जातात. मग आधी एक-दोनच सोडायचे. बाकीचे आत असले की ते लांब जात नाहीत. संध्याकाळचा दाणा रोज खुराड्यातच, म्हणजे झाडावर झोपायची सवय लागत नाही. आणि पकडताना पाय धरायचा नाही, पाय लगेच दुखावतो. अंगाला दोन्ही हात घालून उचलायचं.

"सहा तरी घे," वैशाली म्हणाली. "इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने कादंबरी, चितांबरी, श्वेतांबरी अशा जाती तयार केल्यात. त्यांतली मिळते का बघ. आणि एक दिवसाची पिल्लं नको, महिनाभर वाढवलेलीच घे."

"कधी आणू?"

"दसऱ्यानंतर," सदा म्हणाला. "जमीन सुकू दे. तोवर दर रविवारी ये, खुराडं तुलाच बांधायचंय."