चढ मिळाला, सावली नाही

नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर सकाळी फिरण्याबद्दलचा लेख आवडला, पण ‘परदेशातली विद्यापीठं बघा, तिथं कशी सोय असते’ हे वाक्य जरा खटकलं. मुलाकडे अमेरिकेत गेलो होतो तेव्हा स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या टेकड्यांवरची ती प्रसिद्ध ‘डिश’ची वाट चालून आलोय. डांबरी रस्ता, साडेपाच-सहा किलोमीटरचा फेरा, वर १५० फूट व्यासाची रेडिओ दुर्बीण. साठच्या दशकाच्या सुरुवातीची. सगळं झकास, पण सावलीच्या नावानं बोंब! उन्हाळ्यात गवत वाळून सोनेरी होतं आणि दुपारी टाळकं तापतं. आपल्याकडे अमरावती रोडच्या विद्यापीठ कॅम्पसवरून टेकडीकडे निघा, निदान झाडं तरी आहेत. मे महिन्यात मात्र साडेपाचलाच निघा बाप्पा, आठनंतर डांबर पाय भाजतं.

तिथलं घेण्यासारखं एकच. त्या वाटेवर सायकल नाही, कुत्रं नाही, फाटक सूर्योदयाला उघडतं न् अंधाराआधी बंद. इथं जपानी गार्डनच्या वळणावर मागून भन्नाट बाइक येते तेव्हा चालणाऱ्यानं जावं कुठं? सकाळचे दोन तास तेवढे वाहनं थांबवा, बाकी काही नको. आणि हो, गुडघे दुखत असतील तर चढाला घाबरू नका, उताराला जपा. जोर तिथंच बसतो.