बशीचे कान टोचताना

बोन्साय या शब्दात झाड कुठेच नाही. 'बोन' म्हणजे पसरट तबक आणि 'साय' म्हणजे लावणे. नावातच पहिला मान तबकाला आहे. आम्ही बोन्सायवाले मात्र फांद्यांना तारा गुंडाळण्यात वर्षंच्या वर्षं घालवतो आणि तबकाची वेळ आली की किंमत ऐकून घसा खाकरतो. मग नजर जुन्या क्रॉकरीकडे वळते. कुणाच्या तरी सहाच्या सेटमधली मागे उरलेली एकटी डिश, झाकण फुटल्यामुळे पोरकं झालेलं खोलगट भांडं, कान तुटलेला वाडगा. आकार नेमका, रंग छान, जवळजवळ फुकट. फक्त बुडाला भोक नाही.

हे 'फक्त' फार फसवं आहे. ज्यानं ती बशी घडवली त्यानं ती गळू नये म्हणून हजार अंश सेल्सिअसच्या वर भाजली, आतून-बाहेरून झिलई चढवली. आता ती गळावी म्हणून आपली खटपट. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे परवडले.

मडकं वाजवून घ्यावं तशी बशीही वाजवून घ्यायची. तीन बोटांवर तोलून धरा आणि कडेला टिचकी मारा. टणकन वाजली तर पुढे चला. बद्द आवाज आला तर आत कुठेतरी तडा आहे आणि ड्रिलच्या थरथरीनं तो कडेपर्यंत जाणारच. झिलईवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा असणं वेगळं. अशा बशीला भोक पाडता येतं, पण त्या रेषांतून पाणी आत मुरतं. बर्फ पडतो अशा ठिकाणी ते गोठून फुगलं की टवके उडतात.

पांढऱ्याशुभ्र, पातळ, 'पडली तरी फुटत नाही' अशी ख्याती असलेल्या काचेच्या डिशना मात्र हात लावू नका. टफन्ड काचेचा पृष्ठभाग कायम दाबाखाली आणि गाभा ताणाखाली असतो. तिचं बळ या ओढाताणीतच आहे. ड्रिलची बिट, म्हणजे भोक पाडणारं टोक, आत शिरून ती ओढाताण मोडली, की एका क्षणात सगळी डिश टाइल्सवर विखुरते. ओळखायचं कसं? पालथी करा आणि बुडाच्या गोल कडेवरून बोट फिरवा. चिनी मातीची भांडी भट्टीत याच कडेवर उभी असतात, म्हणून तिथे बहुधा झिलई नसते आणि बोटाला खरखर लागते. काच तिथेही गुळगुळीत.

आकाराचा ठोकताळा असा: कुंडीची खोली खोडाच्या बुंध्याच्या जाडीइतकी आणि लांबी झाडाच्या उंचीच्या दोन-तृतीयांश. झाड 30 सेंटीमीटर आणि बुंधा 3 सेंटीमीटर असेल तर 20 सेंटीमीटर लांब, 3 सेंटीमीटर खोल अशी लंबगोल डिश शोभते. शोभणं आणि जगणं या निराळ्या गोष्टी आहेत. हात बसेपर्यंत 5-6 सेंटीमीटर खोली ठेवा. मोठ्या प्लेटची रुंद पाळ पाहून हुरळू नका. 25 सेंटीमीटरच्या प्लेटमध्ये लावायला जेमतेम 16-17 सेंटीमीटरचं बूड मिळतं, बाकी नुसता रुबाब. तोंडाशी आत वळलेला वाडगा दिसायला गोंडस, पण वर्षा-दोन वर्षांनी मुळांचा गड्डा त्यातून निघत नाही आणि झाड वाचवायचं की वाडगा असा प्रसंग ओढवतो. अगदी छोट्या कपांत मामे बोन्साय लावतात. जपानीत मामे म्हणजे शेंगेतला दाणा. मामेभावाशी संबंध नाही, पण भर उन्हाळ्यात दिवसातून दोनदा चौकशी केली नाही तर दोघंही वाळलेलं तोंड करतात.

आता मुख्य संस्कार. कान सोनारानंच टोचावेत म्हणतात. इथे सोनार नसला तरी हिरे लागतातच. डायमंड बिट म्हणजे पोकळ नळी, तिच्या तोंडाशी हिऱ्याची कणी बसवलेली. ती कापत नाही, घासत जाते. पाणी जायला 10 किंवा 12 मिलिमीटरची एक आणि झाड बांधायच्या तारेसाठी 4 मिलिमीटरची एक, एवढ्यावर भागतं. भिंतीला भोक पाडायची बिट घरात असते म्हणून ती लावायचा मोह होतो. पण ती ठोकत ठोकत पुढे जाते आणि बशीला ठोकलेलं सोसत नाही. ड्रिलवर हातोडीची खूण असेल तर ते बटण आधी बंद आहे ना, हे दोनदा पाहा. वेग कमीत कमी. ड्रिल बॅटरीवरचं घ्या, कारण या कामात पाणी आहे आणि वायरवाल्या ड्रिलला पाणी आवडत नाही. डोळ्यांवर चष्मा हवा, तोही बाजूंनी बंद असलेला.

पसरट टबात जुन्या टॉवेलची जाड घडी घाला आणि तिच्यावर बशी पालथी ठेवा. आतल्या पोकळीतही कापड दाबून भरा, नाहीतर बूड अधांतरी राहतं आणि दाबाखाली तडकतं. पालथी करण्यात दुहेरी सोय आहे. बुडाच्या गोल कडेमुळे आपोआप एक छोटं तळं तयार होतं, त्यात पाणी ओतलं की बिट थंड राहते. शिवाय बिट जिथून बाहेर पडते तिथे टवके उडतात. ते उडायचेच असतील तर आतल्या बाजूला उडोत, भोकावर पुढे बसवायच्या जाळीखाली झाकले जातात.

सुरुवातीलाच बिट सरळ टेकवलीत तर ती झिलईवरून घसरते आणि बशीभर चरे काढते. तेव्हा भोकाच्या जागी मास्किंग टेप लावा, ड्रिल साधारण 45 अंशांत कलतं धरा आणि हलकेच चालू करा. झिलईवर चंद्रकोर उमटते. ती बोटाला खाच म्हणून जाणवली की ड्रिल हळूहळू उभं करा, कोरीचा पूर्ण गोल होतो. यापुढे ड्रिलचं वजन हाच दाब. माणसाचं वजन घालायचं नाही. दर 15-20 सेकंदांनी बिट वर उचला, म्हणजे खाचेतला पांढरा चिकट गाळ बाहेर येतो आणि पाणी आत शिरतं. स्टोनवेअरला, म्हणजे जास्त भाजलेल्या टणक भांड्याला, एका भोकाला पाच मिनिटं सहज लागतात. ही पाच मिनिटं फार लांब असतात. काहीच होत नाहीये असं वाटतं, हात आपोआप दाबायला लागतो आणि बहुतेक बशा याच वेळी जातात. आवाज पोकळ झाला की समजायचं, शेवटचा अर्धा मिलिमीटर राहिला. तिथे हात आणखी हलका. बिट आरपार गेली की तळ्यातलं पाणी खाली पळतं, म्हणून शेवटी कुणीतरी वरून धार धरलेली बरी. कोरडी फिरलेली डायमंड बिट एकाच भोकात भाजून बोथट होते आणि नव्या बिटची किंमत ऐकली की चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला ही म्हण कुणी रचली असेल ते कळतं.

गाळ ओला असतानाच पुसून घ्या. वाळला की त्याची धूळ होते, आणि ती फुप्फुसांना वाईट. जुन्या रंगीत झिलईत शिसंही असू शकतं, म्हणून टब स्वयंपाकघरातला नको.

वीस सेंटीमीटरच्या डिशला 12 मिलिमीटरची दोन भोकं आणि तारेसाठी 4 मिलिमीटरची दोन. भोक कडेच्या 2 सेंटीमीटरच्या आत नको. जागा डोळ्यांनी ठरवू नका. बशी सुलट ठेवून चमचाभर पाणी घाला. ते जिथे जमेल तो सखल भाग, भोक तिथेच. पाण्याला सौंदर्यदृष्टी नसते.

भोक पडलं म्हणून विजयोत्सव करून झाड लावणारे पुष्कळ. आठवड्याभरात पानं पिवळी पडतात. ज्या गोल कडेनं मघाशी तळं करून दिलं, तीच आता वैरीण होते. बशी सपाट फळीवर ठेवली की कड फळीला चिकटून बसते, भोकातून आलेलं पाणी तिच्या आत कोंडतं आणि मुळं पाण्यात उभी. उपाय दोन. कडेला तीन ठिकाणी, साधारण 5 मिलिमीटर रुंद आणि 2-3 मिलिमीटर खोल खाचा डायमंड कानसीनं पाडा. ही कानसही ओली चालवायची. नाहीतर तीन-चार पाय इपॉक्सीनं चिकटवा. चिकटवायच्या जागची झिलई आधी खरवडून घ्या, नाहीतर कुंडी उचलाल आणि पाय फळीवरच राहतील.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे: लावू नका. झिलईवर रंग म्हणजे अळवावरचं पाणी. रोजच्या शिंपणानं वर्षाच्या आत पापुद्रे निघतात. फुलाफुलांची नक्षी नको असेल तर तशी बशीच घेऊ नका. सूचिपर्णी झाडांना बिनझिलईच्या तपकिरी कुंड्या आणि फुलणाऱ्या किंवा पानगळीच्या झाडांना झिलईवाल्या, असा जुना संकेत आहे. आपल्या बशा दुसऱ्या गटातल्या, तेव्हा पाईनचा हट्ट सोडलेला बरा.

मोठ्या भोकांवर प्लास्टिकची जाळी, ती हलू नये म्हणून तारेची फुलपाखराच्या आकाराची पिन खाली घालून दुमडायची. तारेच्या भोकांतून दीड-दोन मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार वर घेऊन मुळांचा गड्डा बांधून टाकायचा. उथळ बशीत न बांधलेलं झाड पहिल्या वाऱ्यात आडवं होतं.

माती म्हणजे बागेतली माती नव्हे. 2 ते 5 मिलिमीटरची वीटखडी किंवा प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड), चाळून भुकटी काढलेली. कारण समजायला भांडी घासायचा स्पंज घ्या. ओला करून आडवा धरा, ठिबकणं थांबेपर्यंत थांबा. मग उभा करा, पुन्हा पाणी गळतं. भांडं जितकं उथळ तितका त्यातला ओला थर प्रमाणानं जास्त, भोकं कितीही असोत. खडी जाड असली की तो थर पातळ होतो. शिवाय आतून झिलई असल्यामुळे बशीच्या भिंतींतून काहीच वाळत नाही.

सगळं जमलं की एक पेला पाणी ओता. काही सेकंदांत खालून धार लागली पाहिजे. लागते. तीन खाचांतून, चार भोकांतून, मनसोक्त गळते, आणि फळीवर, भिंतीवर, खालच्या पुस्तकांवर ओघळ येतात. त्यामुळे तिच्याखाली ठेवायला एक बशी शोधावी लागते. भोक नसलेली.