श्रावणातला पाहुणचार

पाठीवर शंख वागवायचीही तसदी न घेणाऱ्या गोगलगायी आमच्या चिपळूणच्या बागेत पाऊस लागला की मुक्कामाला येतात. दिवसभर कुंडीच्या बुडाशी ओलाव्याला लोळायचं आणि रात्री जेवायला निघायचं. संध्याकाळी झेंडूची रोपं, सकाळी काड्या. वर फरशीवर चकचकीत चिकट रेघ. म्हणजे चोरी करून सहीसुद्धा.

कृषी सेवा केंद्रात गोगलगायी मारायच्या विषारी, मेटाल्डिहाइडच्या गोळ्या मागितल्या. दुकानदार म्हणाला, "काका, कुत्रं आहे का घरात?" या गोळ्या कुत्रीही आवडीने खातात आणि जिवाला मुकतात. ग्रेट ब्रिटनने तर २०२२ पासून त्या उघड्यावर टाकायलाच बंदी घातली. आमच्याकडे कुत्रं नाही, पण शेजारचा टायगर आमच्या कुंपणाला कुंपण मानत नाही. म्हणून गोळ्या कौलाखाली सारल्या आणि कौलावर चिरा ठेवला.

घरातून वेगळीच हरकत आली. "श्रावणात हत्या? आणि तीही सोमवारी?" त्याच रात्री हिची कोथिंबीर मुळासकट गेली. सकाळी रिकामी कुंडी बघून म्हणाली, "अहो, सोमवार काल संपला ना?"

औषध कोरड्या दिवशी उत्तम. गोगलगाय गोळी खाते, भसाभस शेंब सोडते, सुकते. पण श्रावणात कोरडा दिवस आणायचा कुठून? अर्धवट विष भिनलेली गोगलगाय पावसाचं पाणी पिऊन पुन्हा हुशार होते. संध्याकाळी मेलेली म्हणून सोडलेली बया सकाळी मिरचीच्या रोपावर! तेव्हापासून चिमट्याने वेचून मिठाच्या पाण्यात टाकणं माझ्याकडे आलं.

लातूरच्या आतेभावाला हे फोनवर सांगितलं तर तो खो खो हसला. २०२२ च्या खरिपात शंखी गोगलगायींनी त्यांच्याकडचं उगवतं सोयाबीन फस्त केलं, दुबार पेरणी करावी लागली. "आम्ही एकरी दोन किलो गोळ्या टाकतो, तू चार कुंड्यांसाठी गळा काढतोस! गुळाच्या पाण्यात गोणपाट भिजवून पसर. सगळ्या त्याखाली गोळा होतात."

मला डॉक्टरांनी गूळ बंद केलाय. तरी चांगला कोल्हापुरी आणला, हाताने कालवला, गोणपाटं मांडली. जावयालाही अधिक महिन्यात इतकं गोड मिळालं नसेल. सकाळी गोणपाट उचललं तर खाली सहकुटुंब सहपरिवार!

परवा शेजारचे कुंपणाशी येऊन म्हणाले, "यंदा आमच्याकडे एकही गोगलगाय नाही हो. तुम्ही नक्की काय घालता?"