‘मग हे कुठे गेले?’ : मावशीला आलेल्या फॉरवर्डला उत्तर

मावशीचा फोन सकाळी सहाला आला. एवढ्या सकाळी तिचा फोन आला की कुणीतरी गेलेलं असतं, म्हणून मी धडपडत उचलला. कुणी गेलं नव्हतं. काकांना जाऊन सहा आठवडे झालेत. ती म्हणाली, “अगं, मोबाईलवर आलंय ते खरं आहे का? येशू उठलाच नाही म्हणतात. मग हे कुठे गेले?”

नगरजवळच्या आमच्या गावच्या कबरस्थानात काकांच्या कबरेवर गेल्याच आठवड्यात दगड बसवला. त्यावर योहानाच्या अकराव्या अध्यायातलं वचन आहे : ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे.’ पाथरवटाने पहिल्यांदा ‘पुनरुथान’ कोरलं होतं. चौथी शिकलेल्या मावशीने चष्मा लावून, अक्षरांवरून बोट फिरवून राहिलेला अर्धा ‘त’ शोधला आणि दगड परत पाठवला. त्याच मावशीला आता प्रश्न पडलाय की तो शब्द तिथे असावा की नाही. मला राग आलाय आणि तो मी लपवणार नाही.

फॉरवर्डचं नाव ‘चर्च तुमच्यापासून लपवतं ती सात सत्यं’. माझ्याच मावसभावाने ‘बघा काय म्हणतात’ म्हणून घरच्या ग्रुपवर ढकललेला. आपली आई तो ग्रुप वाचते, आणि ती कोणत्या दिवसांतून जातेय, हे त्याला कळायला हवं होतं. थोडक्यात त्यात असं आहे : पुनरुत्थान सन ३२५ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने निकीया इथल्या धर्मसभेत मतदान घेऊन ठरवलं, ती गोष्ट मिथ्र, ओसायरिस आणि इश्तार या जुन्या देवतांवरून उचलली, येशू क्रुसावर मेलाच नाही, काश्मीरला आला आणि श्रीनगरला त्याची कबर आहे, त्याआधी तो लडाखच्या मठात शिकला, पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्मच, फक्त नाव बदललंय, ख्रिस्ती देव स्वतःच्या पोराचा बळी घेणारा आहे, आणि ख्रिस्ती माणसाने कितीही पाप केलं तरी येशूने बिल भरलेलं असल्यामुळे तो मोकळा. उत्तरं मी याच क्रमाने देणार नाही.

आधी ३२५. हा मुद्दा सगळ्यात पोकळ आहे आणि तोच सगळ्यात छातीठोकपणे सांगितला जातो.

येशूचा प्रेषित पौल याने ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, पत्र लिहिलं. ते आपल्या पवित्र शास्त्रात ‘करिंथकरांस पहिले पत्र’ म्हणून आहे. त्याचा काळ कुणी अंदाजपंचे ठरवलेला नाही. पौल करिंथमध्ये असताना तिथे गल्लियो नावाचा रोमन सुभेदार होता, असं शास्त्रातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात आहे. ग्रीसमध्ये डेल्फी इथे सम्राट क्लॉडियसचा एक शिलालेख सापडला, त्यात हाच गल्लियो आहे. त्यावरून त्याची कारकीर्द सन ५१-५२ च्या आसपासची ठरते. पौलाचं पत्र त्यानंतर दोन-चार वर्षांतलं, म्हणजे निकीयाच्या सुमारे २७० वर्षं आधीचं.

त्या पत्राचा पंधरावा अध्याय काढा. पौल म्हणतो, मला जे मिळालं तेच मी तुमच्या हाती दिलं : ख्रिस्त आपल्या पापांबद्दल मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला. मग तो नावं घेतो. केफाला, म्हणजे पेत्राला, दिसला. मग बारा जणांना. मग एकाच वेळी पाचशेहून अधिक भावांना, आणि त्यांतले बहुतेक आज हयात आहेत, काही मेले. मग याकोबाला, मग सगळ्या प्रेषितांना, शेवटी मला.

‘बहुतेक आज हयात आहेत’ याचा अर्थ काय होतो? जा आणि विचारा. नातवंडांसाठी रचलेल्या दंतकथेत असं कुणी लिहीत नाही, कारण पत्र ऐकणाऱ्यांतला कुणीही जहाजाने जाऊन चौकशी करू शकत होता. शिवाय ‘मला मिळालं’ हे शब्द आहेत. गलतीकरांच्या पत्रात पौल सांगतो की विश्वासात आल्यावर तीन वर्षांनी तो यरुशलेमेत जाऊन पेत्राकडे पंधरा दिवस राहिला आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटला. म्हणजे यादीतल्या दोघांशी त्याचं समोरासमोर बोलणं झालंय, आणि तेही क्रुसानंतर फार तर सहा-सात वर्षांत. हे पत्र पौलाचंच आहे आणि त्यातलं हे विश्वासवचन पत्राहूनही जुनं आहे, हे येशूला देव न मानणारे अभ्यासकही मान्य करतात.

यातून पुनरुत्थान गणितासारखं सिद्ध झालं, असं मी म्हणत नाही. ते मानणं हा विश्वास आहे, आणि पौलाला काहीतरी भास झाला असं म्हणणाऱ्याशी मी वाद घालू शकते पण त्याला गप्प करू शकत नाही. पण ‘नंतर कुणीतरी घुसडलं’ हे मात्र निखालस खोटं आहे. सन १७८ च्या सुमारास सेल्सस नावाच्या लेखकाने ख्रिस्ती लोकांवर टीकाग्रंथ लिहिला. त्यात तो मग्दालिया मरीयेची साक्ष म्हणजे एका भ्रमिष्ट बाईची बडबड, अशी टर उडवतो. गोष्ट ३२५ मध्ये जन्मली असेल तर हा गृहस्थ दीडशे वर्षं आधी कशाची टर उडवत होता? सन ३०३ मध्ये सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती शास्त्रग्रंथ जाळायचा हुकूम काढला, ते कुठले ग्रंथ होते? पौलाच्या पत्रांची सन २०० च्या सुमाराची पपायरसवरची प्रत आजही आहे, काही पानं डब्लिनला, काही अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात. हा पंधरावा अध्याय त्यात आहे.

आणि निकीयात खरंच काय झालं? भांडण एरियस नावाच्या धर्मगुरूशी होतं. पुत्र हा पित्याच्याच तत्त्वाचा आहे की पित्याने निर्माण केलेला, हा प्रश्न होता. एरियसही येशू मेला आणि उठला हे मानत होता, त्या बाबतीत दोन पक्षच नव्हते. पुनरुत्थानाचा सण सगळीकडे एकाच दिवशी कसा पाळायचा, हेही तिथे ठरलं. सण आधीपासून असल्याशिवाय त्याच्या तारखेवर वाद होत नाही.

मिथ्र-ओसायरिस-इश्तार यांवर मी फार वेळ घालवणार नाही. रोमन मिथ्र खडकातून जन्मतो आणि बैल मारतो. तो मेला आणि उठला अशी कथा उपलब्ध पुराव्यांत नाही. ओसायरिस मृतांच्या लोकात राजा होऊन तिथेच राहतो. आणि ‘ईस्टर’ हा शब्द ‘इश्तार’सारखा ऐकू येतो म्हणून सण तिचा, हे तर्कट इंग्रजीबाहेर एक पाऊल टाकलं की कोसळतं. ग्रीक आणि लॅटिनमध्ये सणाचं नाव पास्खा, गोव्यात पास्कांचं फेस्त, मूळ हिब्रू पेसाह, म्हणजे आपल्या शास्त्रातलं वल्हांडण.

पुनर्जन्माचंही तसंच. पुनर्जन्मात देह सुटतो आणि जीव दुसऱ्या देहात जातो. पुनरुत्थानात तोच माणूस उठतो, हातावरच्या खिळ्यांच्या खुणांसकट. कुठला विचार बरोबर ते ज्याने त्याने ठरवावं, पण दोन्ही एकच आहेत असं म्हणून दोघांचाही अपमान करू नये.

काश्मीरबाबत एक अर्धसत्य मला मान्य करावं लागेल. क्रुसावरून खाली उतरवलेला माणूस जगल्याची नोंद इतिहासात आहे. यहुदी इतिहासकार जोसेफस आत्मचरित्रात लिहितो की यरुशलेमच्या युद्धात त्याला ओळखीचे तिघे जण क्रुसावर दिसले, त्याने रडत जाऊन सेनापती टायटसकडे विनवणी केली, तिघांना उतरवलं, वैद्यांनी शर्थ केली. दोघे उपचार चालू असतानाच मेले. एक जगला. म्हणजे ते अशक्य नाही. पण ती सुटका सेनापतीच्या हुकमाने झाली आणि वैद्य हाताशी होते. येशूबाबत दोन्ही नव्हतं. शिवाय घायाळ होऊन, उपचार घेऊन, लंगडत वाचलेल्या माणसाकडे बघून ‘याने मरणाला जिंकलं’ असं त्याचे मित्र म्हणतील का? त्या वाचलेल्या एकाबद्दल तसं कुणी म्हटलं नाही.

श्रीनगरच्या खानयार भागातली रोजाबलची कबर युझ आसफ नावाच्या संताची म्हणून ओळखली जाते. ती येशूची आहे हा दावा अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी १८९९ च्या सुमारास मांडला. तिथले बहुसंख्य मुसलमान तो मानत नाहीत. युझ आसफ हे नाव अरबीत गेलेल्या बोधिसत्त्वाच्या गोष्टीतून आलेलं आहे, असं अभ्यासक दाखवतात. लडाखच्या हेमिस मठाची कहाणी निकोलस नोटोविच या रशियनाने १८९४ मध्ये छापली : पाय मोडून मठात राहिलो, तिथे येशूचं चरित्र वाचून दाखवलं. मॅक्स म्युलरने लगेच शंका घेतली. पुढच्याच वर्षी आग्र्याच्या सरकारी कॉलेजातले प्राध्यापक डग्लस प्रत्यक्ष हेमिसला गेले. मुख्य लामांनी सांगितलं की असा पाय मोडलेला युरोपियन इथे राहिला नाही आणि असं पुस्तक इथे नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी निकाली निघालेली गोष्ट आज माझ्या मावशीच्या उशाशी येऊन पडते.

‘पोराचा बळी घेणारा देव’ हे वाक्य वाचून मावशी गप्प झाली होती. तिचाही एक मुलगा लहानपणी गेलाय. इथे शब्दांचाही घोळ आहे. मराठीत प्रायश्चित्त घेतो तो पापी माणूस. आमच्या शास्त्रात ते आपल्यासाठी दुसऱ्याने केलेलं असतं. शास्त्रात ‘खंडणी’ हाही शब्द आहे, पण त्या काळच्या ग्रीकमध्ये त्याचा अर्थ गुलामाला किंवा कैद्याला सोडवायला भरायची रक्कम. आज खंडणी म्हटलं की गुंड आठवतो, मग देवही तसाच वाटू लागतो. योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू स्वतः म्हणतो, माझा प्राण माझ्यापासून कुणी घेत नाही, मी आपण होऊन तो देतो. ख्रिस्ती विश्वासात क्रुसावर देव तिऱ्हाइतासारखा बाजूला उभा राहून बघत नाही. तो स्वतःच तिथे आहे. हे पटलं नाही तरी चालेल, निदान आम्ही जे म्हणतो त्याच्याशी भांडा.

आता ‘पाप करा आणि मोकळे व्हा’. याने खरं नुकसान होतं, कारण हे बाहेरच्यांपेक्षा आतल्यांना जास्त सोयीचं आहे.

जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे : शेजाऱ्याला फसवलं, त्याचं लुबाडलं, तर आधी मुद्दल परत कर, वर पाचवा हिस्सा भर, आणि मग अर्पण घेऊन ये. मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो, वेदीपाशी आलास आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. जक्कय जकातदार येशूला घरी घेतो आणि उभा राहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का, हा प्रश्न पौलाने रोमकरांना स्वतःच विचारलाय आणि ‘कधीच नाही’ असं उत्तर दिलंय. आम्ही प्रोटेस्टंट, पण कॅथलिकांच्या पापनिवेदनावरही हा आरोप टिकत नाही. त्यांची धर्मशिकवण स्पष्ट सांगते की क्षमा मिळाली तरी चोरलेलं परत करणं, बदनामी केली असेल तर ती भरून काढणं तुमच्यावर राहतंच.

हो, चर्चने याचा बाजार मांडला होता. पापाची शिक्षा माफ करणारी पत्रं पैसे घेऊन दिली गेली आणि १५१७ मध्ये ल्यूथर त्यावरच उसळला. आणि आजही होतं. एका मंडळीत, जिचं नाव मी घेणार नाही, खजिनदाराने निधीतले पैसे घरच्या लग्नात वापरले. पकडला गेल्यावर तो उपासनेत सगळ्यांसमोर रडला, म्हणाला देवाने मला क्षमा केली. पंच म्हणाले, आता विषय काढू नका, आपण ख्रिस्ती आहोत. पैसे विधवांच्या मदतीचे होते. ते आजतागायत आलेले नाहीत. फॉरवर्डवाल्याने आमच्यातल्या अशा माणसांकडे बोट दाखवलं असतं तर मी मान खाली घातली असती. पण ते येशूची शिकवण मोडून होतं, तिच्यामुळे नाही.

आणि एवढं सगळं फेडूनही काही राहतं. मावशीने फोनवर शेवटी सांगितलं. काका गेले त्याच्या आदल्या रात्री त्यांनी तिसऱ्यांदा पाणी मागितलं आणि ती चिडून म्हणाली, जरा झोपू द्याल का. पाणी दिलं, पण तसं बोलून दिलं. आता ते कुणाला परत करायचं? पाचवा हिस्सा कुणाला भरायचा? ज्याच्याकडे जाऊन समेट करायचा तो माणूसच जमिनीखाली आहे. ख्रिस्ताने आपली पापं वाहिली हे आम्ही म्हणतो ते अशाच ठिकाणासाठी, जिथे माणसाच्या हातात फेडायला काही उरत नाही. आणि तो उठला म्हणतो ते यासाठी, की काकांशी तिचं बोलणं त्या वाक्यावर संपलेलं नाही. त्या फॉरवर्डने तिच्याकडून हे हिसकावून घेतलं होतं आणि बदल्यात काहीच दिलं नव्हतं.

हे सगळं मी तिला फोनवर सांगितलं, इतक्या ओळीने नाही, जमेल तसं. मधेच ती म्हणाली, “थांब. ते पाचशे लोकांचं कुठल्या अध्यायात म्हणालीस? चष्मा आणते.”