‘द’चे दीड रुपये

मंगळवारी भर दुपारी भोसरी एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये सत्तरीचे एक गृहस्थ माझं काम बोटाने मोजत होते. जिभेला बोट लावायचं, पान उलटायचं, लाल शब्द मोजायचे. मध्येच फोन आला की परत पहिल्या पानापासून. मी समोर बसून कूलरचं पाणी ठिबकताना बघत होते.

झालं होतं ते एवढंच. मी चिनीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून चिनीत भाषांतरं करते, जोडीला इंग्रजी मजकुराचं मुद्रितशोधन. या लोकांनी चीनमधून पाऊच भरायचं मशीन मागवलं. सोबत आलेल्या ४८ पानी इंग्रजी मॅन्युअलचा कुणालाच अर्थ लागेना, म्हणून मूळ चिनीशी ताडून ते दुरुस्त करायचं काम मला दिलं. ६,२०० शब्द, शब्दाला दीड रुपया, एकूण ९,३००. तरुण मालक ‘डन मॅडम’ म्हणून मोकळा झाला. पण कारखान्याची तिजोरी त्याच्या मामांकडे होती.

“चारशे बारा,” मामा म्हणाले.

“काय चारशे बारा?”

“लाल शब्द. म्हणजे तुमचे. काळे तर आधीपासूनच होते की. त्यांचे पैसे मशीनच्या किमतीत चिन्याला दिलेत.” कॅल्क्युलेटर वाजला. “सहाशे अठरा रुपये. आणि त्यातले निम्मे नुसते ‘द’ आणि ‘अ’. अहो, एका अक्षराचा दीड रुपया? रेल्वेत पाच वर्षांच्या आतल्या पोराला तिकीटसुद्धा नसतं.”

मी म्हटलं, मामा, सगळी मारामारी त्या ‘द’चीच असते. चिनीत इंग्रजीसारखा ‘द’ (the) नाही, ‘अ’ (a) नाही. क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, नामांना सहसा अनेकवचन नाही. एक स्क्रू की दहा, काल लावला की उद्या लावायचा, हे पुढच्यामागच्या शब्दांवरून ओळखायचं. मराठीतही ‘द’ नाही, त्यामुळे तो कुठे घालायचा हे शिकताना मला अंधारात जिन्याची शेवटची पायरी शोधल्यासारखं व्हायचं. किती वर्षं मी एक उतारा आज चिनीतून इंग्रजीत, उद्या तोच मूळ न बघता इंग्रजीतून परत चिनीत असा घासला आहे. तिसऱ्या दिवशी दोन्ही चिनी उतारे शेजारी ठेवले की आपण कुठे काय गिळलं ते दिसतं. बहुतेक वेळा बरंच गिळलेलं असतं. मुद्रितशोधनासाठी तर शेवटच्या वाक्यापासून उलटं, मोठ्याने वाचायची सवय लावून घेतली, कारण सरळ वाचलं की डोळा अर्थामागे पळतो आणि चूक तशीच राहते. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “वाल्मिकींनी मरा-मरा म्हणत रामायण लिहिलं. तुझं काय निघतंय बघू!”

माझं निघालं ते हे. सहाशे अठरा.

तेही टिकले नाहीत. “आता हे काट मारलेले. १८७ शब्द तुम्ही कमी केलेत. माल घटला. त्याची वजावट दोनशे साडेऐंशी. राहिले तीनशे साडेसदतीस.”

“आणि स्वल्पविराम?” मी आता मुद्दामच विचारलं.

“ती कोथिंबीर, मॅडम. वर टाकायची असते.”

मग मामांचं बोट एका ओळीवर थांबलं आणि त्यांचा चेहरा फसवलं गेल्यासारखा झाला. मूळ इंग्रजीत होतं, ‘चार्ज्ड रिपेअर इज स्ट्रिक्टली फॉरबिडन’.

“हे का खोडलंत? हे तर आपल्या फायद्याचं होतं! दुरुस्तीचा चार्ज घ्यायला सक्त मनाई. चिनी माणूस स्वतः लिहून देतोय. तुम्ही ते घालवलंत!”

चिनीतला शब्द होता ‘ताइ-त्येन’. ताइ म्हणजे बाळगणं, त्येन म्हणजे वीज. वीजप्रवाह चालू असताना दुरुस्तीला हात घालू नका, एवढं साधं. हे मी मामांना तीन प्रकारे सांगितलं. त्यांनी तिन्ही वेळा “ते असेल हो” म्हटलं, आणि “पण लेखी होतं ना” यावर ते अडून बसले.

मागे त्याच मशीनवर एकोणीस-वीस वर्षांचा एक पोरगा झाकण उघडून हात आत घालून काहीतरी सोडवत होता. मशीन तिकडच्या ३८० व्होल्टच्या हिशेबाने बनलेलं, इकडे ४१५ व्होल्टचं थ्री फेज. ते झाकण उघडण्याआधी मेन स्विच पाडायचा, हे माझ्या त्या लाल ओळीत होतं. ‘वाचाल तर वाचाल’ ही पाटी आपण शाळेच्या भिंतीवर रंगवतो आणि तिथेच सोडून येतो. तेव्हा मला खरंच राग आला. पैशांचा नाही, म्हणजे पैशांचाही आलाच. मी जाऊन स्विच पाडून आले. त्याचे काही लावले नाहीत.

परत येते तर मामा पुढच्या ओळीवर. तिथे होतं, ‘केअरफुली स्लाइड’. जमिनीवर तेल सांडतं तिथे लावायची ही पाटी. चिनीत चार अक्षरं, श्याओ-शिन-ती-ह्वा. तिसरं अक्षर ‘ती’ वाचलं तर जमीन: जपून, जमीन निसरडी आहे. तेच अक्षर ‘त’ वाचलं की आपल्या ‘पणे’सारखं क्रियाविशेषण होतं: सावधपणे घसरा. यंत्राने केलेल्या भाषांतरात दुसरं आलं होतं.

मामांनी शांतपणे विचार केला. “मग यात चूक काय आहे? घसरायचंच आहे तर जपून घसरावं.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. १८९८ साली येन फू नावाच्या चिनी भाषांतरकाराने लिहून ठेवलंय की, एकेका शब्दासाठी तो दहा-दहा दिवस, महिना-महिना घुटमळत असे. त्याला मामा भेटले नव्हते. तेवढ्यात मालकाने मोबाइल वर करून भर घातली, “मामा, हल्ली नुसता फोटो काढला तरी भाषांतर होतं.” अरे बाबा, त्या फोटोनेच तर तुला घसरायला सांगितलं!

शेवटचा घाव अनपेक्षित होता. मामा खुर्चीत मागे रेलले. “मी सोलापूरचा. आमचे डॉक्टर कोटणीस तिकडे जाऊन सेवा करत मेले. त्यांनी कुणाला दर लावला नाही.”

आता यावर काय बोलणार? कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. त्यांच्यापुढे हात जोडावेत. पण पाऊच भरायच्या मशीनचं मॅन्युअल तपासणाऱ्या बाईने दीड रुपया मागितला तर त्यांना मध्ये आणायचं? वर माझ्या डोळ्यांदेखत दोन शेव-पाकिटं रद्दीत गेली, वजन कमी भरलं म्हणून. त्यावर कुणी कोटणीसांची आठवण काढली नाही.

खूप झिगझिग झाली. शेवटी पाच हजारांवर मिटलं. ‘द’ पूर्ण तिकिटात धरायचे, काट मारलेल्यांची वजावट नाही, स्वल्पविराम फुकट. मामांनी व्हाउचर लिहिलं, माझी सही घेतली, अंगठ्याने शाई दाबली. सही केल्यावर वाचायची माझी जुनी खोड. तपशिलात लिहिलं होतं, ‘चायनीज – ४८ नग’. आणि खातं: ‘स्टाफ, खाणे-पिणे’.

“मामा, हे खाण्यात का टाकलंत?”

“मग कशात टाकू?” ते वहीतून मान वर न काढता म्हणाले. “आणि बिल पाठवाल तेव्हा जीएसटी पाच टक्केच लावा. हॉटेलचा तेवढाच असतो.”